लवूची चढाई

सहदेव गावडेने शिट्टी तोंडात धरली की पार्ल्यापासून बोरिवलीपर्यंतची कबड्डी मंडळं निमूट खेळायची. माणूस नोकरीला विक्रोळीच्या कंपनीत टाइमकीपर, आणि डोक्यानेही तसाच. नवस, अंगारे, भुतंखेतं त्याच्या वाटेला जात नसत आणि तोही त्यांच्या वाटेला जात नसे. पंच म्हणून त्याचा नियम एकच होता. जे डोळ्यांनी दिसलं आणि कानांनी ऐकलं, त्यावरच हात वर करायचा. अंदाजाने त्याने आयुष्यात कुणाला बाद दिलं नव्हतं.

असल्या माणसाचा घोळ झाला तो एका शब्दापायी.

लवू परब त्याचा जिवाभावाचा दोस्त. जोगेश्वरीच्या एकाच चाळीत वाढलेले, एकाच मंडळाचे. सहदेव कोपऱ्यातून पकडी करायचा आणि लवू चढाईला जायचा. लवूचा दम हा चाळीच्या कौतुकाचा विषय. सुट्टीत गावी गेला की विहिरीत बुडी मारून तळाची माती मुठीत घेऊन यायचा. काठावर सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला, आणि हा तोंडावरचं शेवाळ पुसत हसायचा. एका कंपनीने त्याला दोन मोसम खेळवलं, ढाली मिळवल्या, पण कायम काही केलं नाही. त्या तिरीमिरीत तो पलटणीत भरती झाला. खेळ तिथेही सुटला नाही. सत्तर साली वनमालाशी लग्न झालं, आणि एकाहत्तरच्या डिसेंबरात तो लढाईत गेला. देह काही घरी आला नाही. आलं ते इंग्रजी पत्र.

पत्र वाचून दाखवायला सहदेवलाच बोलावलं. लवूची आई, जानकीकाकी, उंबऱ्यावर बसली होती. शत्रूच्या ठाण्यावर हल्ला करताना, असं त्याला म्हणायचं होतं. जिभेवर आला तो मैदानातला शब्द.

"काकी, लवू चढाईला गेला होता," तो म्हणाला, आणि पुढचं न वाचता त्याने पत्राची घडी घातली.

काकीने मान वर केली. "चढायेक गेल्लो गडी दम तुटल्याशिवाय बाद जाता काय रे?"

झालं. तिने सुनेचं कुंकू पुसू दिलं नाही, लवूच्या फोटोला हार घालू दिला नाही. म्हातारी दुःखाने भ्रमली आहे, निवळेल, असं चाळ म्हणत राहिली. तेरा वर्षं गेली. काकीचे कान मंद झाले, हट्ट तेवढाच राहिला.

वनमाला अंधेरीच्या एमआयडीसीत, औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. रेशन, दवाखाना, छपराची डागडुजी, सगळं सहदेव बघायचा. त्याने लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नव्हतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. भावोजी, भावोजी म्हणणारी वनमाला हळूहळू त्याला काहीच म्हणेनाशी झाली, तेव्हा तिलाही कळलंय हे त्याला समजलं. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर दोघांनी काकीसमोर विषय काढला. आईंनी हो म्हटल्याशिवाय लग्न करायचं नाही, असं वनमालाने आधीच बजावलं होतं.

काकीने आदळआपट केली नाही. बोटं मोडत बसली.

"तू पंच मां?" ती म्हणाली. "मग मैदानात उभो ऱ्हव आनि तेका बाद दी. मी मानतलंय."

सहदेवला हायसं वाटलं. एक शिट्टी, एक हात. म्हातारीचं समाधान होत असेल तर काय बिघडलं?

आठवड्याभरात ते सुरू झालं. घाटकोपरच्या एका सामन्यात गडी परतला, मध्यरेषेला हात लावला, दम सोडला. तरीही दम चालूच. कबड्डी कबड्डी कबड्डी, खालच्या पट्टीत, लांबून. शेजारी दुसरं मैदान असेल म्हणून त्याने सोडून दिलं. मग कंपनीत, जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबली तेव्हा आला. मग घरी, नळ बंद केल्यावर. अंधेरीच्या डॉक्टरने कान धुऊन दिले, मळ दाखवला, वीस वर्षं यंत्रांच्या आवाजात काढल्यावर असं होतं म्हणाला. सहदेवने ते पटवून घेतलं.

पण टाइमकीपर तो टाइमकीपर. एका संध्याकाळी त्याने घड्याळ लावून ऐकलं. अकरा मिनिटं झाली, मध्ये श्वासापुरतीही जागा नव्हती. त्याची स्वतःची छाती भरून आली तेव्हा त्याने घड्याळ खिशात टाकलं. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. आवाज रोज थोडा जवळ येत होता, हे त्याने वनमालाला सांगितलं नाही.

रविवारी संध्याकाळी तिघं मैदानावर गेली. स्पर्धेसाठी माती चाळून, पाणी मारून, रोलर फिरवून ठेवली होती. आसपास कुणी नव्हतं. काकी मध्यरेषेच्या टोकाला पदर सावरून बसली, तिच्या मागे वनमाला उभी राहिली. सहदेव रेषेशी गेला. पलीकडचं अंगण रिकामं होतं, मातीवर साधं पान पडलेलं नव्हतं.

त्याने शिट्टी ओठांत धरली.

कबड्डी कबड्डी कबड्डी.

समोरून. दहा पावलांवरून.

शेवटचा 'ड्डी' गिळायची ती लकब त्याने शंभर सामन्यांत ऐकली होती.

आवाज सरकत होता. आठ पावलं. पाच. आता त्यात धाप होती, पण खंड नव्हता.

सहदेवने वनमालाकडे पाहिलं. ती मान खाली घालून उभी होती, पदराचं टोक मुठीत घट्ट.

दम चालू, गडी जिवंत. नियम सोपा होता.

त्याला ती हवी होती.

त्याने शिट्टी फुंकली आणि हात वर केला. "बाद."

आवाज अर्ध्या शब्दावर तुटला.

काकी गुडघ्यांवर हात टेकून उठली. पंचाचा निर्णय झाला, मग वाद नाही, असं काहीसं पुटपुटली आणि घरी जाऊन तिने फोटोला हार घातला.

दुसऱ्या दिवशी पहाटे, पहिल्या पाळीआधी, सहदेव मैदानावर गेला. रेषेच्या अलीकडे त्याच्या बुटांचे ठसे होते. पलीकडे अनवाणी पावलं, शेवटच्या रेषेपासून निघालेली. तिथवर येणारी पावलं कुठेच नव्हती. रेषेजवळ गुडघे टेकल्याच्या खुणा, छातीची खूण, आणि पुढे ताणलेला एक पंजा. पंजा आणि रेषा यांमधली माती सहदेवने बोटं लावून मोजली. मग पायाने सगळं पुसून काढलं. कुणाला एक अक्षर बोलला नाही.

जानेवारीत लग्न झालं. अक्षता काकीनेच टाकल्या.

मार्चमधल्या एका दुपारी काकी आत झोपली होती. सहदेव पेपर वाचत होता, वनमाला सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "रेषेला किती राहिलं होतं?"

त्याने पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग चार बोटं दाखवली.

वनमाला त्या बोटांकडे बघत राहिली.

"आवाजावरून मला वाटलं, हातभर तरी असेल," ती म्हणाली आणि सुपातला खडा उचलून तिने बाजूला ठेवला.