पुरातल्या गाडीचा एक्सल

ही गोष्ट खरी आहे. खोटी वाटेल त्याने केंटकीच्या डोंगरात जाऊन हर्शेलच्या उजव्या हाताचा वास घ्यावा.

मे महिन्यातला शनिवार. भर उन्हाची दुपार.

दुसऱ्या दिवशी कबरींवर फुलं वाहायचा रविवार होता. स्मशान डोंगरमाथ्यावर, वाट नुसती दगडधोंड्यांची. हर्शेलच्या म्हाताऱ्या आईला, वर्नीला, आता ती चढवत नव्हती.

"या वर्षी तुझ्या बापाची फुलं चुकली ना, तर तुझ्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही," तिने बजावलं होतं.

म्हणून तिला गाडीने वर न्यायला हर्शेल आजोबांच्या वेळच्या जीपखाली शिरला होता. चाकं जोडणारे नाजूक एक्सल काढून भंगारातले दणकट घालायचे, लांब कमानपाटे लावून गाडी वीतभर उंच करायची. पुढचं काम झालं. मागचा एक्सल राहिला.

मागे लावायचा तो भंगारातला एक्सल पुरात वाहून गेलेल्या गाडीचा होता. ती चालवणारी म्हातारी सापडलीच नव्हती... भंगारवाल्याने सांगितलं होतं. हर्शेलनेच कानाआड केलं.

मेहुण्याने, क्लीटसने, एक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याचं झाकण उघडलं. काळं ऑइल घमेल्यात ओघळलं.

वास आला.

गिअर ऑइलला घाण वास असतोच. पण हा तो नव्हता... उन्हात फुगलेल्या मेल्या जनावराचा होता.

"काय खाल्लंस रे क्लीटस?"

"तुझ्या बहिणीच्या हातचंच. पण हे माझं नव्हे बाबा!"

जुना एक्सल घेतला की तिथले लोक आत बोट घालतात, ऑइल चिमटीत चोळून बघतात. लोखंडाचा कीस लागला, तर आतले गिअर झिजले म्हणायचे.

हर्शेलने बोट घातलं.

कीस नव्हता.

काहीतरी मऊ होतं... लिबलिबीत... आणि ते बोटाभोवती गुंडाळत होतं.

त्याने हात ओढला. केस! लांब, पांढरे, बुळबुळीत. ओढावेत तितके येतच होते... शेवटाला कातडीचा सडका तुकडा.

हर्शेल तिथेच भडाभडा ओकला.

"उंदराचं घरटं असेल," क्लीटस म्हणाला.

"हातभर केसांचा उंदीर?"

क्लीटसने एक्सल फिरवून फिरवून बघितला. एक्सल तर सगळीकडून बंद होता.

दुसरा शोधायला वेळ नव्हता. दोघांनी नाक दाबून तो रॉकेलने धुतला, नवं ऑइल भरलं, गाडीला चढवला.

रविवारी आई पुढे बसली. मागची सीट रिकामी. जीप खडक चढू लागली.

टप्... टप्...

"हर्शेल, मागे कुणाला घेतलंस?"

"कुणाला नाही, आई."

"मग माझ्या मानेला ओले केस कुणाचे लागतायत?"

तो वास पुन्हा आला. थांबावं, तर आई वर पोचणार नव्हती. मागे न बघता हर्शेलने गाडी रेटली.

माथ्यावर उपदेशक बोलता बोलता गाऊ लागले होते, सारी माणसं त्यांच्या मागे सूर धरत होती. आईने नवऱ्याला फुलं वाहिली. मग एक रानफूल घेऊन ती जीपकडे आली आणि मागच्या ओल्या सीटवर ठेवलं.

"केसांवरून म्हातारीच वाटली. हिला कुणी फूल वाहिलं नसेल रे."

उतरताना काही ठिबकलं नाही. सीटवर फूलही नव्हतं.

सुटलो, असं हर्शेलला वाटलं. तरी सोमवारी त्याने झाकण उघडलं. ऑइल स्वच्छ, सोनेरी.

त्यात ते रानफूल होतं... देठाला एक पांढरा केस गुंडाळलेला.

हर्शेल अजून हात घासतो. मक्याचा पाव डाव्या हाताने खातो.

आणि आई म्हणते, "पुढच्या वर्षी तिच्यासाठीही गुच्छ घे हं. याच गाडीने जायचंय."