अकरा फोटो

शिरूर कासारच्या एका खासगी दवाखान्यातून सहा बायकांच्या सोनोग्राफीचे फोटो गायब झाले होते. सहाही जणी ऊसतोडीला जाणाऱ्या. सहाही जणींची गर्भपिशवी काढलेली.

तक्रार त्यांच्यातल्याच बायनाबाईची होती. वय सव्वीस. ती दवाखान्याबाहेर बाकावर बसून होती, कुणाकडेच न बघता.

फौजदार ऋतुजा गर्जेंनी आधी डॉक्टर विजयसिंहांना गाठलं.

"फोटो कुठं गेले?"

"कॉम्प्युटरवाल्या मुस्तकीमला विचारा. त्यानं लिहिलेल्या प्रोग्रॅमनं, त्या स्क्रिप्टनं, घोळ केला. सगळ्यांच्या पिशवीत गाठी होत्या, मी स्वतः पाहिल्या, म्हणून पिशव्या काढल्या."

"सर्व्हरचा पासवर्ड कुणाकडे?"

"त्याच्याकडे आणि माझ्याकडे."

मुस्तकीम घाबरला होता.

"तुझी स्क्रिप्ट करते काय?"

"सोनोग्राफीचा कॉम्प्युटर चालू झाला की सर्व्हरचं शेअर्ड फोल्डर आपोआप जोडती, मॅडम. फोटो त्यात जात्यात. मी कशापायी फोटो पुसू?"

"बायनाबाईच्या तपासणीच्या दिवशी काही वेगळं घडलं?"

"सकाळी लाईट गेलती. सर्व्हर लई उशिरा चालू झाला. स्क्रिप्ट दुपारी परत चालवली."

"आणि तपासणी?"

"धा वाजता."

ऋतुजा थबकल्या. "सर्व्हरचं जोडलेलं फोल्डर या कॉम्प्युटरवरून सोडव. आत्ता, माझ्यासमोर."

मुस्तकीमनं लगेच एक ओळ टाईप केली. सर्व्हर सुटला. कॉम्प्युटरवरचं फोल्डर आता रिकामं दिसायला हवं होतं. त्यात अकरा फोटो होते. प्रत्येकावर बायनाबाईचं नाव.

सरकारी दवाखान्यातून बोलावलेल्या डॉक्टर अस्मांनी ते पाहिले.

"गाठ नाही. पिशवी निरोगी आहे."

"होती," ऋतुजा म्हणाल्या.

मग त्या विजयसिंहांकडे वळल्या. "त्या सकाळी सर्व्हर जोडलाच गेला नाही. फोटो याच कॉम्प्युटरवर साठले. दुपारी सर्व्हरचं फोल्डर त्यांच्यावर येऊन बसलं आणि हे खाली झाकले गेले. बाकी पाच जणींचे तुम्ही सर्व्हरवरून पुसले. हिचे तिथं दिसले नाहीत, म्हणून निर्धास्त राहिलात. फोटो पुसून मुस्तकीमला काय मिळणार? नसलेली गाठ रिपोर्टात लिहून खाली सही तुम्ही केलीत."

विजयसिंहांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वकिलांशी बोलतो," एवढंच म्हणाले.

ऋतुजा बाहेर येऊन बाकावर टेकल्या.

"बायनाबाई, गाठ नव्हतीच."

"न्हवती?"

"नाही."

बायनाबाईनं पहिल्यांदाच त्यांच्याकडं बघितलं.

"मंग बाई," तिनं विचारलं, "माझं पोट कशानं दुखत व्हतं?"