चार नंबरच्या मशीनचं कुंकू

“ताई, कार्ड मी बदललेलं नाही. पण संध्याकाळी सहा वाजता अख्खं ताथवडे म्हणणार, धम्मरत्ननेच बदललं.”

धम्मरत्न गायकवाड खुर्चीत बसायलाही तयार नव्हता. समोर आम्रपाली कांबळे शांतपणे चहा ओतत होत्या. अठरा वर्षं चाकणच्या कंपनीत क्वालिटीला काढल्यावर त्यांनी संत तुकाराम नगरात, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, खासगी तपासाचं ऑफिस थाटलं होतं. त्यांचे जोडीदार ज्योतीरामभाऊ त्याच कंपनीतले रिटायर फिटर. माणूस लाखमोलाचा, फक्त डोक्यात उजेड पडायला ट्यूबलाइटसारखा जरा वेळ लागे. हे भाऊ स्वतःच सगळ्यांना सांगत, त्यामुळे आपण सांगायला हरकत नाही.

“आधी चहा घे,” आम्रपालीताई म्हणाल्या. “मग पहिल्यापासून सांग.”

धम्मरत्नने वर्षापूर्वी शिफ्टची नोकरी सोडून ताथवड्यात कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान काढलं होतं. तिथंच हिंदुराव जगदाळ्यांच्या नव्या गेमिंग कॅफेत त्याने पाच मशीन बसवली. पाचांतही एकाच जातीचं नवंकोरं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमची चित्रं पडद्यावर पळवणारा भाग; स्वस्तातलं पण दमदार. दसऱ्याला पूजा करून कॅफे उघडला. आणि काल, पाचव्या दिवशी, चार नंबरच्या मशीनमध्ये निघालं भलतंच जुनं, मरतुकडं कार्ड.

“हिंदुराव म्हणतात, बिल चांगल्याचं दिलं आणि आत भंगार बसवलं. आज सहाला कॉलेजच्या सगळ्या ग्रुपवर टाकणार आहेत. ताई, माझं गिऱ्हाईक म्हणजे तीच पोरं. नाव गेलं की दुकान गेलं. मग परत चाकणची बस आणि बारा तास उभं राहणं.”

भाऊंना पोराची फार दया आली.

“दसऱ्यानंतर तू तिथं गेला होतास?” ताईंनी विचारलं.

“दुसऱ्याच दिवशी. नेटची वायर ओढायला. अर्धा तास एकटा होतो.” तो खाली बघत म्हणाला, “हेपण माझ्याच अंगावर येणार, माहितीये मला.”

तीनच्या सुमाराला तिघं कॅफेवर पोचले. जिन्याच्या तोंडाशीच कुणीतरी मोटारसायकल आडवी लावली होती. हँडलला दसऱ्याची झेंडूची माळ सुकत होती. दिव्यावर भंडाऱ्याची तीन बोटं आडवी ओढलेली, मधोमध कुंकवाचा टिळा.

“कुणाची हो गाडी? जिना काय आंदण मिळालाय का?” भाऊ ओरडले.

“माझीच, काका. सरकवतो लगेच.” एक सडपातळ तरुण धावत खाली आला. तो कॅफेचा मॅनेजर, नवनाथ.

वर हिंदुराव तापलेल्या तव्यासारखे बसले होते. काउंटरवर वर्तमानपत्रावर ते कार्ड ठेवलं होतं. त्याच कंपनीचं, तसेच दोन पंखे. वरवर पाहिलं तर जुळं भावंड.

“ताई, मी पंचवीस वर्षं कारखान्यात प्रेस मशीनवर काढली,” हिंदुराव म्हणाले. “दसऱ्याला कुंकू लावल्याबिगर मशीनला हात न्हाई लावला. इथंबी पाची मशीनच्या बाजूच्या काचा काढून मंडळीकडनं पूजा करून घेतली. आन् ह्या भंगाराच्या पाठीवर बघा! कुंकू हाय का न्हाई? म्हंजे पूजेला हेच आत होतं. पूजेच्या आधी मशीनला हात कुणाचा? ह्याचाच!”

भाऊंनी चष्मा लावून पाहिलं. पाठीवर तीन पिवळ्या रेघा, मध्ये लाल टिळा. रेघांखालून जुनाट, तपकिरी डागही डोकावत होते. हळद आणि कुंकूच की हो! भाऊंना शंका आली. पोरगं गोड बोलून आपल्याला गंडवत तर नाही ना?

“इंदुताई,” आम्रपालीताईंनी हिंदुरावांच्या बायकोला विचारलं, “पूजेत एखादं मशीन राहिलं तर नाही?”

“छे हो! एकूण एक पुजलं. चार नंबर तर आधी. हे म्हणाले, कोपऱ्यातनं सुरुवात कर.”

“दोन नंबरची काच काढू?”

काच काढली. आतल्या कार्डाच्या पाठीवर हळदीचं एक बोट, शेजारी कुंकवाचं एक, आणि कुंकवात चिकटलेले अक्षतांचे दोन दाणे. ताईंनी ते नीट पाहिलं. मग एक, तीन आणि पाच नंबरही पाहिले.

“इथंही पिवळं आणि लालच,” भाऊ हळूच पुटपुटले. “सारखंच आहे, ताई.”

“हं,” ताई म्हणाल्या.

ज्याने काल हा घोळ पकडला तो ज्ञानेश तीन नंबरवर बसला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. स्वस्तातली कार्डं तपासून त्यांचे व्हिडिओ टाकायचा त्याला नाद. पिशवीत वही, आणि स्क्रू ड्रायव्हरसुद्धा. भाऊंनी तो लगेच हेरला.

“फ्रेम म्हणजे काय रे?” भाऊंनी विचारलं.

“काका, पडद्यावर सेकंदाला किती चित्रं पडतात ते. साठच्या वर गेली की गेम लोण्यासारखा चालतो. हे नवं कार्ड महागड्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत सत्तर देतं. पैसा वसूल! दसऱ्याच्या दुपारी मी पाचही मशीनवर एकच रेसिंगचा गेम लावला. बघा.” वहीत ओळीनं होतं: ७१, ७०, ७२, ७०, ७१. “आणि काल चार नंबरवर एकोणतीस. गाडी ढकलत नेल्यासारखी वाटली.”

“मधल्या दिवसांत चारवर बसला नव्हतास?”

“नवनाथदादा देतच नव्हता. काल तो जेवायला गेलेला, हिंदुरावकाका काउंटरला होते, म्हणून मिळालं.”

“त्याच्या वहीचं काय धरून बसता!” हिंदुराव मध्येच म्हणाले. “धम्मरत्नचा दोस्त हाय तो. कुंकू खोटं बोलंल का?”

नवनाथच्या काउंटरवर यंत्रांच्या आराखड्यांचं जाडजूड पुस्तक उघडं होतं. पानोपानी पेन्सिलीच्या खुणा.

“परीक्षा आहे वाटतं?” ताईंनी विचारलं.

“परवा. चाकणला, थ्रीडी डिझाइनच्या जागेसाठी.”

“चार नंबर मोठ्या पोरांना का देत नाहीस?”

“कोपरा आहे ना, मॅडम. तिथं बारकी पोरं बरी. त्यांचे ते ठोकळ्यांचे गेम, त्यांना जोरदार कार्ड लागतच नाही.”

“दसऱ्याच्या पूजेला होतास इथं?”

“नाही. आमच्या घरची आटोपून बाराला आलो. गाडी, आईची शिलाई मशीन, जे काय असतं ते पुजतो.”

“खंडोबा का तुमचा?”

“होय. आई दर पौर्णिमेला जेजुरी करते.”

एवढंच विचारून ताई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. भाऊंना काही उमजेना. मनातल्या मनात त्यांनी एकदा ज्ञानेशला पकडलं, एकदा धम्मरत्नला, आणि एकदा तर बिचाऱ्या इंदुताईंनाही.

सव्वापाच वाजले. हिंदुरावांनी मोबाइलवर मजकूर लिहून ठेवला होता; नुसतं बोट लावायचं बाकी होतं. धम्मरत्न भिंतीला टेकून त्या मोबाइलकडेच पाहत होता.

“हिंदुराव, तुम्ही म्हणालात ते बरोबर,” आम्रपालीताई वळल्या. “कुंकू खोटं बोलत नाही. पण ते काय बोलतंय, हे तुम्ही ऐकलंच नाहीत.”

“म्हंजे?”

“इंदुताईंची पद्धत बघा. हळदीचं एक बोट, शेजारी कुंकवाचं, वर अक्षता. चारही कार्डांवर तसंच. चार नंबर तर त्यांनी आधी पुजला. मग या कार्डावर त्यांचं बोट कुठे आहे? इथं तीन आडव्या रेघा आणि मध्ये टिळा. म्हणजे हे कार्ड तुमच्या पूजेला इथं नव्हतंच. ज्ञानेशची वही खरी आहे. त्या दुपारी चारमध्ये चांगलंच कार्ड होतं.”

इंदुताईंनी पदर तोंडाला लावला. “अगं बाई! हे माझं नव्हेच की!”

“मग ह्यानं दुसऱ्या दिवशी बदललं!” हिंदुराव हटेनात.

“कार्डावरच्या ताज्या रेघांखाली जुने डाग आहेत. तेवढ्याच लांबीचे, त्याच जागी. एकच हात दर दसऱ्याला हे कार्ड पुजत आलाय, या दसऱ्यालाही. धम्मरत्नच्या दुकानात मशीनला कुंकू लागत नाही. दसरा म्हणजे आमचा धम्मचक्र दिन; त्या दिवशी आम्ही पांढरे कपडे घालून वंदनेला जातो. तोही होता, मीही होते. हे कार्ड कुणाच्या तरी घरातलं आहे, हिंदुराव. ज्योतीरामभाऊ, भंडाऱ्याची तीन बोटं आणि मध्ये टिळा. आज कुठं पाहिलंत?”

भाऊंनी डोकं खाजवलं. आणि एकदम ट्यूबलाइट लागली.

“गाडी! जिन्यातली गाडी! तिच्या दिव्यावर!”

सगळ्यांच्या माना नवनाथकडे वळल्या.

“एकाच आईने एकाच सकाळी पुजलेल्या दोन वस्तू,” ताई सावकाश म्हणाल्या. “परवा थ्रीडीची परीक्षा. आणि चार नंबर मोठ्यांना मिळत नाही, कारण बारक्यांच्या गेमला जुनं कार्डही पुरतं; फरक कळत नाही. बरोबर ना, नवनाथ?”

नवनाथने समोरचं पुस्तक मिटलं.

“दसऱ्याच्याच संध्याकाळी नेलं,” तो म्हणाला. “घरच्या कार्डावर आराखडा फिरवला की सगळं अडकतं. परवा परीक्षा झाली की परत बसवणार होतो. आईची शपथ.”

“कुंकू पुसायचं नाही सुचलं?” भाऊंना राहवलं नाही.

“दसऱ्याचं कुंकू कुणी पुसतं का, काका? आईने लावलेलं. आणि इथं तर सगळ्याच कार्डांना होतं. वाटलं, उलट खपून जाईल.”

हिंदुरावांचा चेहरा लालबुंद झाला. पण त्यांच्याआधी धम्मरत्न पुढे आला.

“काल हे मला चोर म्हणत होते, तेव्हा तू इथंच उभा होतास. मला पाणी आणून दिलंस. ते पाणी देताना काहीच वाटलं नाही तुला?”

नवनाथने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “लाज वाटत होती, दादा. पण तोंडच उघडेना.”

“जा. कार्ड घेऊन ये,” धम्मरत्न म्हणाला.

रावेतच्या आपल्या घरून नवनाथ वीस मिनिटांत कार्ड घेऊन परतला. धम्मरत्नने कार्ड चार नंबरमध्ये बसवलं, ज्ञानेशने गेम लावला. आकडा चढत गेला आणि सत्तरवर थांबला. सहाला पाच मिनिटं कमी होती.

हिंदुरावांनी मोबाइलवरचा मजकूर पुसून टाकला. जाड बोटांनी एकेक अक्षर दाबत दुसरा लिहिला आणि पाठवण्याआधी मोठ्यांदा वाचला.

“‘आमच्या कॅफेची पाचही मशीन धम्मरत्न गायकवाड यांनी बसवली. काम चोख. मी संशय घेतला, ती माझी चूक.’ बास का रं, धम्मरत्न?”

“बास, काका,” धम्मरत्न म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

मग त्याने काउंटरवरचं जुनं कार्ड उचललं. खिशातला ब्रश काढून पंख्यांतली धूळ एकेका पात्यावरून झाडली आणि कार्ड नवनाथपुढे धरलं.

“परवापर्यंत माझ्या दुकानात येऊन सराव कर. तिथलं मशीन चालेल तुला,” तो म्हणाला. “आणि हे घरी ने. धूळ काढलीये. आईचं कुंकू तसंच ठेवलंय.”