बिलोलीच्या शिंदीतलं यीस्ट

मुखेडच्या अलीकडं एसटीत फट्ट असा आवाज झाला आणि शिवकन्येच्या पिशवीतलं बूच उडून पुढच्या म्हाताऱ्याच्या पटक्यावर बसलं. मागोमाग आंबूस वास गाडीभर पसरला. सगळ्यांनी एकदम मागं वळून पाहिलं. कंडक्टर घंटी मारून तिच्यापाशी आला.

"बाई, शिंदी घेऊन गाडीत बसता येत न्हाई."

"ही प्यायची नाही हो. कॉलेजच्या प्रयोगाची आहे. यातलं यीस्ट..."

"तेच तर म्हणून राहिलो. उतरा."

ती उतरली. धुरळा खाली बसला तेव्हा रस्त्याच्या पलीकडं आणखी एक जण उतरलेला दिसला. उंच, उन्हानं रापलेला, खांद्याला लांब मोजपट्टीचं वेटोळं. झाडाची सावली एकच होती, ती कडुलिंबाची. दोघंही तिच्यात येऊन उभे राहिले.

"तुमचं गाव इथंच का?" तिनं विचारलं.

"न्हाई. मला लातूरला जायचंय."

"मग उतरलात कशाला?"

तो जरा घुटमळला. "एकटी बाई... हातात शिंदीची बाटली... लोक काय समजतील, म्हणून."

"आणि आता दोघं उभे आहोत बाटली घेऊन. आता काय समजतील?"

तो हसला. हसताना त्याच्या डोळ्यांभोवती बारीक सुरकुत्या पडल्या, आणि शिवकन्येला उगीचच आपला पदर सारखा करावासा वाटला.

त्याचं नाव नरसिंग. बिलोलीचा, घरात तेलुगू बोलणारा. भूजल खात्यात विहिरींचं पाणी मोजायची नोकरी होती त्याची. लातूरचा नवा जिल्हा झाला, नवी कचेरी उघडली आणि त्याला नेमणूक मिळाली. पण पाऊस दडी मारून बसला होता. पट्टी सोडायची आणि कोरडी वर घ्यायची, असंच त्याचं काम चाललं होतं.

शिवकन्या उदगीरच्या गुरुबसप्पा किराणावाल्यांची मुलगी. लातूरच्या कॉलेजात प्रयोगशाळेत शिकवायची. पुण्याच्या एका संशोधन संस्थेला दुष्काळी भागातलं रानटी यीस्ट हवं होतं, उन्हाच्या काहिलीतही तग धरणारं. तरुण संशोधकांनी ते शोधून, वाढवून पाठवायचं. ज्याचं यीस्ट वेगळं निघेल त्याला पुण्यात दोन वर्षं त्या यीस्टच्या आनुवंशिकतेवर काम करायची शिष्यवृत्ती. अशी संधी तिच्या कॉलेजात आजवर कुणाकडं आलीच नव्हती.

"म्हणून लिंगायताची पोरगी आमच्या बिलोलीच्या शिंदीच्या बनात?" नरसिंग म्हणाला.

"अप्पांना अजून सांगितलेलं नाही," ती हळूच म्हणाली.

शेवटी पाण्याच्या एका टँकरवाल्यानं दोघांना पुढं बसवून घेतलं. बाटलीच्या तोंडावर तिनं रुमाल धरला होता. रस्ताभर रस फसफसत राहिला आणि दोघं रस्ताभर हसू दाबत राहिले.

त्यानंतर नरसिंग गावोगावच्या विहिरींवरून तिच्यासाठी काहीबाही आणू लागला. मोहाची फुलं, फुटलेली बोरं, बाभळीचा डिंक. कागदाच्या पुडीवर गाव आणि झाड लिहिलेलं असायचं. पुडी द्यायची आणि जायचं, असं तो ठरवून यायचा. पण सूक्ष्मदर्शकाला एकदा डोळा लावला की त्याचा पाय निघायचा नाही.

"यांच्यात नर कुठला, मादी कुठली?"

"तसं नसतं यांच्यात. दोन प्रकार असतात. एकाला दुसऱ्याचा वास लागला की दोघं एकमेकांकडं वाढायला लागतात."

"कुणी न सांगता?"

"कुणी न सांगता."

तो डोळा लावूनच राहिला. "यांचं बरं आहे म्हणायचं," एवढंच म्हणाला. शिवकन्येनं काचपट्टी बदलली.

चैत्रात कॉलेजचे नळ बंद पडले. प्राचार्यांनी प्रयोगशाळेला कुलूप लावायला सांगितलं. आठवड्यात नव्या खाद्यावर हलवलं नाही तर तिचं यीस्ट मरणार होतं, आणि ते खाद्य करायला, बशा उकळायला पाणी हवं होतं. तिनं कशीबशी चार दिवसांची मुदत मागून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी नरसिंग सायकलला कॅन बांधून आला.

ती दारातच आडवी उभी राहिली. "हे कुठल्या विहिरीचं? बाया रांगेत भांडतायत. माझ्या प्रयोगासाठी त्यांचं पाणी नको मला."

"कुणाचं न्हाई. माझ्या वाट्याचं हाय."

"तुमच्या कसल्या वाट्याचं?"

तो दोन पावलं मागं सरला. "अंघोळीचं. म्हणून तर लांब उभा राहिलो."

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. तिनं कॅन आत ओढला. नंतर दार धरून, त्याच्याकडं न बघता म्हणाली, "आत या. वासाची सवय आहे मला."

यीस्ट जगलं. शिंदीच्या रसातलं एक तर एवढ्या उष्णतेत वाढलं, की पुण्याहून निवडीची तार आली.

निघायच्या दिवशी गुरुबसप्पा तिला पोचवायला लातूरच्या स्टँडवर आले होते. शिंदीचं प्रकरण तिनं त्यांना सांगून टाकलं होतं. दोन दिवसांनी ते म्हणाले होते, "शिकायला जातीस तर जा." नरसिंगही आला होता, पण खांबाआड उभा राहिला. शिवकन्येनं त्याला हाक मारून पुढं बोलावलं.

"अप्पा, हे नरसिंग. पुण्याचं काम झालं की मला यांच्याशी लग्न करायचंय."

नरसिंगचं तोंड उघडंच राहिलं. आजवर दोघांच्यात या विषयावर एक शब्दही झाला नव्हता. गुरुबसप्पांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला.

"मटण खाता?" त्यांनी विचारलं.

"खातो."

"खोटं न्हाई बोलला, ते बरं केलं." अप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "मी हाव म्हणत न्हाई, नको बी म्हणत न्हाई. पोरीच्या आईला काय सांगायचं, तेबी मला ठावं न्हाई. दोन वर्षं हायत. दुकानावर येत जा. माणूस बघू दे."

गाडी सुरू झाली. नरसिंग खिडकीबरोबर चालू लागला, मग पळू लागला.

"मला न विचारताच सांगून टाकलं तुम्ही."

"मग विचारा की आता."

"पुण्याहून आल्यावर... माझ्याशी लग्न कराल का?"

"हाव," ती म्हणाली.

गाडी वळली. तो तिथंच धापा टाकत उभा राहिला. मागून गुरुबसप्पा सावकाश चालत आले आणि म्हणाले, "चला, चहा घेऊ. घरात कोण कोण हाय तुमच्या, ते तरी सांगा."