शिंजिराची बायको

शिवणाच्या दुकानाच्या दारावर लोंबणारी जुनी वायर बदलायला वायरमननं शिडी लावली. तो वर चढतो न चढतो तोच शिवणवालीची लाकडी पट्टी त्याच्या टोपीवर बसली.

"अगं बाई! तुम्हाला नाही हो — त्या मेल्या निळ्याला मारत होते!"

वायरला गवताकाड्यांचं एवढंसं घरटं लोंबत होतं. आत पिवळसर, साधीशी पाखरीण. समोरच्या फांदीवर मात्र जांभळा-निळा चकाकणारा एक टिकोजीराव शेपटी उडवत गात होता.

"रोज येऊन बिचारीला छळतो. आठ दिवस हाकलतेय मी त्याला."

वायरमननं हसू दाबलं. "तो शिंजीर आहे. आणि ती... त्याची बायको."

शिवणवालीनं जीभ चावली. "म्हणजे घर बांधलं तिनं, अंडी उबवते ती, आणि हा नुसता गातो?"

"पिल्लं झाली की भरवायला येतो. अगदीच वाया गेलेला नाही."

वायर बदलायची तर घरटं काढावं लागणार, हे ऐकून तिचा चेहरा उतरला. वायरमननं धोका नको म्हणून दुकानाची वीज तोडली आणि वहीत लिहिलं, 'काम महिनाभर लांबणीवर.'

ती पायानं मशीन मारत राहिली, न् तो रोज 'पाहणीला' येऊ लागला. काजं करणारी आत्या एकदा चष्म्यावरून बघत म्हणालीच, "हा वायर बघायला येतो, की..."

"आत्या!"

पिल्लं उडाली त्या सकाळी शिवणवालीला कोण आनंद झाला! पण लगेच मनात आलं, वायर जोडली की संपलं. मग हा कशाला येईल? तो आला, तेव्हा पिल्लं उडाल्याचं तिनं सांगितलंच नाही.

तो शिडीवर चढला. रिकाम्या घरट्यात बराच वेळ पाहत राहिला.

"अजून... आठ दिवस तरी लागतील पिल्लांना," तो वरूनच म्हणाला.

तिला हसू आवरेना. "अहो, सकाळीच उडाली ती. माझ्या डोळ्यांदेखत!"

त्याचे कान लालबुंद झाले. "मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही खोटं का बोललात?"

तो एकेक पायरी उतरत खाली आला. "वायर काय, दहा मिनिटांत जोडून होईल. पण मला रोज यायचंय... तुमच्यासाठी."

"मग या की," ती हळूच म्हणाली. "मी तरी दुसऱ्या कुणाची वाट बघतेय?"

आतून आत्याचा आवाज आला, "लावलेत ना दिवे? आता दुकानातलेही लावा! महिनाभर अंधारात काजं करून डोळे गेले माझे!"