लाखीनं तिवर सोडलं

लाखी ही सांडणी सलग चौथ्या दिवशी खाडीत उतरली नाही. किनाऱ्यावरचं वाळकं गवत चघळत राहिली. कच्छचा किनारा समुद्राखाली गेल्यावर खराई जातीचे उंट धरमतरच्या खाडीवर आणले, त्यालाही तीस वर्षं होऊन गेली होती. पोहत जाऊन तिवराचा, म्हणजे खारफुटीचा, पाला खायचा, हा त्यांचा रोजचा नेम. डॉ. मृदुला दळींनी लाखीच्या दुधाची नळी यंत्रात घातली, आकडे पाहिले आणि चष्मा काढून डोळे चोळले. हे आकडे त्यांनी अकरा वर्षांत नको तितक्या वेळा पाहिले होते.

उंटाच्या दुधाचा कस जातीवर आणि चाऱ्यावर ठरतो, हे जुनंच ज्ञान. गोठ्यात गवार खाणाऱ्या बिकानेरीचं दूध पांचट, तर खाडी पोहणाऱ्या खराईचं कसदार. पण कोणता पाला खायचा हे खराईला कोण सांगतं? पिल्लू सांगतं, हे दळींनी शोधलं. ते पिताना त्याची लाळ सडातून उलटी आत शिरते, आईचं शरीर त्यातून दुखणं ओळखतं आणि ती नेमका पाला शोधत जाते. याला त्यांनी 'उलटपान्हा' म्हटलं. मग माणसाच्या लाळेचं फडकं सडाला लावून पाहिलं, तर सांडणी माणसासाठीही औषध चरू लागली.

लाँच चालवणाऱ्या शशिकांत भगतच्या आठ वर्षांच्या मंजिरीसाठी लाखी दोन वर्षं चरत होती. मुलीचं यकृत झिजत चाललं होतं. दवाखान्यातल्या सुया आणि हे दूध, एवढ्यावर तिचं चाललं होतं.

"रिपोर्ट चांगला हाय ना, बाय?" शशिकांतनं विचारलं.

"गेल्या महिन्यापेक्षा चांगला आहे."

"मंग ही चरत का नाय?"

दळी थकून ओट्यावर बसल्या. "सांडणी तो पाला दोनदाच सोडते. पिल्लू बरं झालं की, नाहीतर ते जगणार नाही हे तिला कळलं की. मग ती अंगातली ताकद पुढच्या वेतासाठी राखते. दूध दोन्ही वेळा सारखंच उतरतं."

"तुमी डाक्तर, आन् तुमाला नाय कलत?"

"नाही कळत."

धार काढणारी हवाबाई मान खाली घालून बसली होती. तिची हयात उंटांत गेलेली. शशिकांत तिच्याकडे वळला. "चाची, तुला ठावं हाय. बोल."

"बरं झालेल्या पिल्लाला ती लाथ मारून हाकलते, भाई," ती कशीबशी म्हणाली. "जगणार नसतं, त्याला चाटते."

कोणी अडवायच्या आत शशिकांतनं मंजिरीचं सकाळचं फडकं लाखीपुढे धरलं. लाखीनं ते हुंगलं आणि चाटायला लागली. बराच वेळ चाटत होती.

"उंटांना खारट आवडतं," दळी घाईनं म्हणाल्या. "यावरून काही ठरत नाही. सुया थांबवू नका."

"दोन वर्सा सुया खातंय माजं पोर. परवा बोलली, बाबा, तुज्या लाँचीवर यायचंय. मी बोललो, बरी झालीस की."

दुसऱ्या दिवशी त्यानं सुया थांबवून मुलीला दवाखान्यातून घरी नेलं. ती लाँचवर बसली, पोटभर मासळी जेवली, हसली. सात आठवड्यांनी गेली.

सुया चालू राहिल्या असत्या तर मंजिरी जगली असती का, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं, दळींनाही नाही. गावानं मात्र निकाल लावून टाकला होता: लाखीला आधीच कळलं होतं. पंधरवड्यात दळींच्या दारात एक अनोळखी बाई आली, मुठीत ओलं फडकं धरून.

"दूध नको, मॅडम," ती म्हणाली. "नुसतं हुंगवून द्या."