धुरावरची लाल कणसं

“आजोबा, तुळईवर काहीच नाही!”

इल्दा जुन्या स्वयंपाकघरात स्टुलावर चढून उभी होती. खाली तिचा धाकटा भाऊ लिओ हात पसरून थांबला होता, वरून कणसं आली की झेलायला. शेजारच्या घरची कासी टोपली घेऊन उभी होती. टोपली रिकामीच राहिली.

“नीट बघ गं,” आजोबा दारातूनच म्हणाले. “चुलीच्या बरोबर वर. दोन-दोनची जोडी करून तुझ्या आजीनं टांगलीयत.”

“चुलीच्या वरच बघतेय! एक दोरीसुद्धा नाही!”

तेव्हा आजोबा आत आले. आजी गेल्यापासून ते या खोलीत येतच नसत. मामानं अंगणापलीकडे गॅसची शेगडी बसवून दिली होती. तिथंच ते सकाळची कॉफी उकळायचे आणि भिंतीकडे बघत प्यायचे. पण आज पेरणीचा दिवस होता. शाळांना सुट्टी लागली होती आणि नातवंडं मुद्दाम मदतीला आली होती.

आजोबांनी वर पाहिलं. मग खाली पाहिलं. मग इल्दाला उतरवून ते स्वतःच स्टुलावर बसले.

“मग यंदा आपली पेरणी नाही,” ते म्हणाले.

“असं कसं?” लिओ म्हणाला. “मामानं शहरातून बियाण्याची पिशवी आणलीय की!”

“पिशवीतलं बी पाऊस पडल्यावर पेरायचं असतं, बाळा. आत्ता वरची माती राखेसारखी आहे. ओल आहे दीड वीत खाली. तिथं पिशवीतला दाणा टाकला तर त्याचा कोंब अर्ध्या वाटेत दमून मरतो. तुझ्या आजीचा लाल मका दीड वीत खालून वर यायचा. आता आपल्या अख्ख्या लोमा सेका गावात तो कुणाकडे नाही. तिनं निवडलेलं शेवटचं बी होतं ते.”

एवढं बोलून ते उठले, पेरणीची काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि परसात जाऊन बसले.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“उंदीर!” कासी म्हणाली.

“उंदीर दाणे खातात आणि कणसांची रिकामी बुरकुंडं खाली टाकतात,” इल्दा म्हणाली. “इथं एक तरी बुरकुंड दिसतंय? आणि दोऱ्या कुठं गेल्या?”

“उंदरांनी गाठी सोडून नेल्या असतील,” लिओ म्हणाला. “कासीच्या घरचे उंदीर असतील. शिकलेले!”

“आमच्या घरात उंदीर नाहीत! तू आलास की तेवढा एकच येतो!”

लिओ चिडून काहीतरी म्हणणार होता, पण तो आधीच स्टुलावर चढला होता आणि त्याचं बोट तुळईवरून फिरत होतं. त्यानं बोट डोळ्यांपुढं धरलं.

“इल्दा! बोट स्वच्छ आहे!”

“मग?”

“मग काय मग? या तुळईला हात लावला की कोपरापर्यंत काळं व्हायचं! आजी ओरडायची आठवत नाही?” त्यानं तुळईला नाक लावलं. “आणि साबणाचा वास येतोय!”

“उंदीर साबण लावतात का गं, कासी?” इल्दानं विचारलं.

“उंदीर नाही,” कासी म्हणाली. “पण एक माणूस परवापासून दिसेल ते धूत सुटलाय!”

तो माणूस म्हणजे आमादोर मामा. तो शहरात कामाला होता आणि गावच्या संताच्या सणासाठी रुफिना मामीला घेऊन आला होता. आत्ताही तो अंगणात आपली गाडी पुसत होता.

“मामा, जुनं स्वयंपाकघर तू धुतलंस?”

मामाचा चेहरा खुलला. “कळलं तर एकदाचं कुणाला! परवा बाबा बाजाराला गेले होते ना, तेव्हा धुतलं. काळं पाणी नुसतं! म्हटलं, बाबांना आत यायला नको वाटतं, जरा स्वच्छ केलं तर येतील.”

“आणि तुळईवरची कणसं?”

“ती काळीकुट्ट? काजळीचा थर होता त्यांच्यावर. पोत्यात भरली आणि दाराशी ठेवली, डुकरांना घालायला.”

“मामा!” लिओ ओरडला. “ते बी होतं!”

मामाच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. “बी? धुरात टांगलेलं?”

“धुरात टांगलं म्हणजे किडा लागत नाही,” कासी म्हणाली. “हे मलासुद्धा माहीत आहे आणि मी चौथीत आहे!”

“मला वाटलं, बी म्हणजे ते औषध लावलेलं, गुलाबी...” मामा पुटपुटला. त्याला उत्तर द्यायला तिथं कुणी उरलंच नव्हतं. तिघं डुकरांच्या खोपटाकडे धावली होती.

डुकरं पडली होती गार सावलीत. लिओनं कठड्यावर ओणवं होऊन सगळं शोधलं. केळीची सालं होती, भोपळ्याचा गर होता. काजळी कुठंच नव्हती.

“डुकरं पोतंसुद्धा खातात का?” कासीनं विचारलं.

“पोतं खाल्लं तरी तोंड काळं झालं असतं,” इल्दा म्हणाली. “यांची तोंडं बघ. पोतं इथवर आलंच नाही.”

“मग डुकरांना रोज खायला कोण घालतं?”

“मामी!”

रुफिना मामी विहिरीवर कपडे पिळत होती. प्रश्न ऐकून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“दाराशी ठेवलेलं पोतं मी डुकरांना घालीन? अरे, ते देवाच्या कामाचं होतं! काल सणाच्या यजमानांची माणसं घरोघर मका मागत आली, तर आपलं पोतं दाराशी भरून तयार. मला वाटलं, बाबांनीच काढून ठेवलंय. दिलं उचलून.”

“तू उघडून बघितलं नाहीस?”

“संताला द्यायचं पोतं उघडून बघायचं? लोक काय म्हणतील, रुफिना दान मोजून देते?”

इल्दानं कपाळाला हात लावला. मामानं दाराशी ठेवलं डुकरांसाठी, मामीनं दिलं संतासाठी. दोघांनीही चांगलंच काम केलं होतं, आणि आजीचं बी गेलं होतं यजमानांच्या घरी, तामाले, म्हणजे पानात वाफवलेले मक्याचे उंडे, करायच्या पिठासाठी.

“मामी, मका शिजवायला कधी घालणार आहेत?”

“आजच. सकाळपासून कढया चढल्यात म्हणे.”

“चुना!” तिघं एकदम ओरडली आणि उताराला लागली.

पीठ करायचं तर मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळतात, म्हणजे त्याचं साल निघतं. पण एकदा चुन्यात उकळलेला दाणा पुन्हा कधी उगवत नाही. हे लोमा सेकातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

सणाचे यजमान डॉन क्रिसोफोरो यांचं अंगण माणसांनी भरलं होतं. चार कढयांखाली जाळ धडधडत होता. बायका चटयांवर गोल करून बसल्या होत्या, कणसं एकमेकांवर घासून दाणे काढत होत्या, आणि भरलेली टोपली कुणीतरी उचलून कढईकडे नेत होतं. मधोमध तोमासा आजी बसली होती. गावातला कुठलाही सण असो, कढयांवर हुकूम तिचाच.

“ती बघ!” लिओनं इल्दाचा दंड आवळला.

चटईच्या कडेला काळी कणसं पडली होती. शेजारीच जांभळ्या बुरकुंडांचा ढीग होता. गावात जांभळं बुरकुंड फक्त आजीच्या मक्याचं. म्हणजे निम्मी तर सोलूनही झाली होती!

इल्दा सरळ यजमानांपुढे गेली. डॉन क्रिसोफोरो सकाळपासून ओरडून घोगरे झाले होते.

“काका, आमच्या घरचं पोतं चुकून आलंय. आजीचं बी आहे त्यात. उरलेलं आम्हाला परत द्याल?”

“परत?” त्यांनी टोपी मागं सारली. “पोरी, संताच्या नावानं या दारातून आत आलेलं पोतं परत बाहेर जात नाही. आज तुला दिलं की उद्या गाव रांग लावेल. एक म्हणेल माझी कोंबडी परत द्या, दुसरा म्हणेल मेणबत्त्या!”

“आम्ही तेवढाच पांढरा मका आणून देतो,” लिओ म्हणाला.

“आणा! आनंदानं घेईन. पण गेलं ते गेलं. बी होतं तर बघून द्यायचं.”

“तुम्हीपण बघून घ्यायचं!” कासी म्हणाली.

“ही टिल्लू कुणाची रे? चला, चला, पायात येऊ नका! भाजाल!”

तिघं फाटकाबाहेर आली. लिओनं एक दगड लाथेनं उडवला.

“आपण झडप घालू! मी कणसं उचलतो, कासी रडून गोंधळ घालेल...”

“मी का रडू? तूच रड, तुला सवय आहे!”

“आणि चोरून आणलेलं बी आजोबा पेरतील?” इल्दानं विचारलं.

नसते पेरले. ते पोत्यासकट परत करून आले असते.

इतक्यात फाटकातून एक बाई बाहेर आली. तिच्या डोक्यावर फडक्यानं झाकलेली पाटी होती आणि पाटीतून वाफ येत होती. कासीचं नाक लगेच वर झालं.

“वालाची भाजी आहे! मघाशी ही आत गेली तेव्हा हात हलवत गेली होती.”

“कामाला आली होती ना,” लिओ म्हणाला. “शिदोरी मिळाली तिला.”

इल्दा एकदम थांबली.

“लिओ, सणाच्या घरी काम केलेला माणूस शिदोरीशिवाय घरी जातो?”

“कधीच नाही!”

“आणि यजमानानं शिदोरी दिली नाही तर?”

“बापरे!” कासी म्हणाली. “अशा एकाला माझी आई अजून नावं ठेवते, आणि तो मरूनसुद्धा गेलाय!”

इल्दानं बाह्या सरसावल्या. “मग चला कामाला!”

ती तिघं पुन्हा आत शिरली आणि तोमासा आजीच्या शेजारी बसली. इल्दा अगदी काळ्या कणसांना खेटून बसली. तिनं पांढरी कणसं पुढ्यात ओढली आणि हात चालू केले.

काम सोपं नव्हतं. अंगठे लाल झाले. लिओच्या अंगठ्याला फोड आला, तरी तो बोलला नाही. कासी मात्र सगळ्यांच्या वाटचं बोलत होती. मध्येच एका बाईनं काळ्या कणसाकडे हात नेला.

“मावशी, ती शेवटी घेऊ,” इल्दा घाईनं म्हणाली. “हाताची काजळी या पांढऱ्या दाण्यांना लागेल. तामाले काळे होतील!”

“खरंच गं,” बाई म्हणाली आणि पांढरं कणीस उचललं.

तोमासा आजीनं इल्दाकडे तिरक्या नजरेनं पाहिलं.

दुपार झाली तशी पोती संपत आली. डॉन क्रिसोफोरो फिरत फिरत तिथं आले आणि थबकले. तिघांपुढे डोंगराएवढी बुरकुंडं साठली होती.

“वा रे वा! मला वाटलं, रडत घरी गेली असतील. ही तर मोठ्यांना लाजवताहेत! द्या रे या पोरांना शिदोरी! वाल द्या, मक्याच्या तोर्तिया द्या, भरपूर द्या!”

इल्दा उभी राहिली. तिचा आवाज स्पष्ट होता.

“काका, आम्हाला वाल नको. आमची शिदोरी म्हणून ती काळी कणसं द्या.”

कढईवरचा माणूससुद्धा पळी धरून बघत राहिला.

“शिदोरी म्हणजे खायची वस्तू असते,” डॉन क्रिसोफोरो म्हणाले.

“आम्ही खाणारच आहोत,” कासी म्हणाली. “फक्त आधी पेरणार आणि मग खाणार!”

सगळ्या बायका खो-खो हसल्या. यजमानांचे कान लाल झाले. “पण मी मघाशीच सांगितलं, आत आलेलं परत...”

“परत कुठं मागताहेत ती?” तोमासा आजी पहिल्यांदाच बोलली. “पोरांनी घाम गाळलाय, मजुरी मागताहेत. क्रिसोफोरो, तुझ्या आजोबांच्या सणापासून मी या कढयांशी आहे. ‘शिदोरीत हे मागू नका’ असं म्हणणारा यजमान मी तरी पाहिला नाही. तुला पहिला व्हायचंय का?”

डॉन क्रिसोफोरोंनी टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि मग तेच इतक्या मोठ्यानं हसले की कोंबड्या उडाल्या.

“अरे, या पोरांनी मला माझ्याच अंगणात बांधून घातलं! घ्या, सगळी घ्या! आणि वालही घ्या.” मग ते खाली वाकून हळूच इल्दाला म्हणाले, “पोतं उघडून बघायला हवं होतं, खरं आहे. आजोबांना सांग, चूक माझीपण झाली.”

तिघं घरी पोचली तेव्हा आजोबा परसातच बसलेले होते. लिओनं टोपली त्यांच्यापुढे ठेवली. कासीनं सगळी हकिगत एका दमात सांगितली, स्वतःचं काम जरा वाढवूनच. आजोबांनी एक कणीस उचललं आणि पाला मागं सारला. आत दाणे गडद लाल होते, एकही किडका नव्हता.

“मी इथं बसून राहिलो,” ते म्हणाले. “आणि तुम्ही शोधून आणलंत. न चोरता, न भांडता! तुमच्या आजीनं, ओतिलियानं, गावभर मिरवलं असतं तुम्हाला.”

मामा पुढं आला. “बाबा, चूक माझी होती. पहिला खड्डा मी खणतो.”

“खण. ओल लागेपर्यंत थांबायचं नाही.”

मामा खणत गेला. कोरडी माती संपून काळी, थंड माती लागली तेव्हा त्याचा शर्ट भिजला होता. आजोबांनी मुलांना कणसाच्या मधले दाणेच काढायला लावले, टोकाचे आणि बुडाचे बाजूला. “ती असंच करायची,” ते म्हणाले. खड्ड्यात दाणे पडले, वर हातानं मऊ माती लोटली, आणि मामा पुढच्या खड्ड्याकडे वळला. मामीही येऊन कमरेला ओढणी बांधून माती लोटू लागली. लिओ आणि कासी दाणे कोण सरळ टाकतं यावरून भांडत राहिली.

परसाच्या मध्यावर आले आणि टोपलीचा तळ लागला.

“उरलेल्यात पाऊस पडल्यावर पिशवीतलं बी टाकू का?” मामानं विचारलं.

“नको,” आजोबा म्हणाले. “दोन्हींचे तुरे एकाच वेळी आले तर पराग वाऱ्यानं मिसळतील. मग तुमच्या आजीचा मका तिचा राहणार नाही. सुगीला यातून नवं बी निवडू. तुम्हीच निवडायचं, मी सांगेन तसं.”

“म्हणजे पुढच्या सुट्टीतपण यायचं?” लिओनं विचारलं.

“यायचं म्हणजे? न येऊन सांगता कुणाला!”

सगळ्यांनी हात धुतले आणि अंगणात बसून वाल खाल्ले. रस्त्याकडचं अर्धं परस पेरायचं राहिलं. त्याला पुरेल इतकं बी नव्हतं.